सेटल या शब्दाची नोंद

शनिवारी आमची शाळा साडेअकराला सुटते. मुलं गेली, शिपाई वर्गांना कुलपं लावत लांबच्या टोकाला पोचला आणि स्टाफरूममध्ये मी आणि दीक्षा अशा दोघीच उरलो. दीक्षा विज्ञान शिकवते, मी इंग्रजी. ती प्रयोगवह्यांवर सह्या करत होती. मी चहा घेता घेता फोन उघडला, तर आमच्या वाडीच्या ग्रुपवर रितेशनं एक व्हिडिओ टाकला होता. रितेश माझ्या चुलतभावाचा मुलगा, मुंबईत कुरिअर कंपनीत आहे आणि गावी आला की दिसेल त्याचा व्हिडिओ काढतो. काल आमच्याकडं राखण होती. राजापूरच्या आत, डोंगराकडं आमची वाडी. तिच्या वेशीवर ऐनाच्या झाडाखाली एक दगड आहे, तो आमचा राखणदार. वर्षातून एकदा त्याला नारळ नि कोंबडा देतात आणि वडीलधारा माणूस सगळ्यांच्या वतीनं त्याच्यापुढं गाऱ्हाणं घालतो. बायका तिथं जात नाहीत. अडतीस वर्षांत मी गाऱ्हाणं ऐकलं ते अंगणात उभं राहून, लांबून येणारा नुसता आवाज म्हणून. आता ते माझ्या तळहातावर चाललं होतं. आप्पा, म्हणजे माझे थोरले काका रावजी, डोक्याला टॉवेल गुंडाळून उभे होते आणि त्यांच्या मागं वाडीतले, मुंबईहून आलेले पंधरावीस पुरुष. आप्पा एकेक मागणं मागत होते आणि मागचे एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होते. त्या ‘व्हय’शिवाय मागणं पोचत नाही असं आमच्याकडं मानतात. पोटासाठी मुलखात गेलेल्या लेकरांना सुखी ठेव, व्हय म्हाराजा. रितेशची नोकरी कायम होऊ दे, व्हय म्हाराजा. मला हसू येत होतं. मग आप्पांनी घसा खाकरला आणि म्हणाले, ‘आनि बा म्हाराजा, माज्या भावाची लेक नमू, रत्नांग्रीत मास्तरीन हाय. तिच्या मनात पुन्यास जायाचं आलंय, ती बुद्धी तू फिरव. तिला हितंच सेटल कर. ती तुज्या पायाशी ऱ्हाईल, घरातला दिवा इजू देनार नाय, असा आमी तुला शबूद देतो.’ आणि मागून सगळे एकदम ओरडले, व्हय म्हाराजा.

मी फोन पालथा ठेवला. कपातला चहा तेवढाच होता, पंखा तसाच कुरकुरत होता, पण मला एकदम बसायची खुर्ची आवळल्यासारखी झाली आणि मी उठून खिडकीशी गेले. ‘काय झालं गं?’ दीक्षानं विचारलं. मी तो तुकडा तिला परत लावून दाखवला. ‘तुमच्या देवाला इंग्लिश येतं वाटतं,’ ती म्हणाली. तिच्या घरी राखणदार नाही, गाऱ्हाणं नाही. तिच्या आजोबांनी छप्पन साली ते सगळं सोडलं, त्यामुळं तिला अशी थट्टा शोभते. मग तिनं माझं तोंड पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. ‘अगं, दगडापुढं बोललेत ते. तू कुठं सही केलीयस का? घरी जा, नोंद पुरी कर आणि पाठवून दे. सहाच्या आत. आज नाही पाठवलीस तर पुढच्या शनिवारी मी तुझ्याशी बोलणार नाही.’ मी हो म्हटलं. तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं आणि त्याचा मला काडीचा उपयोग नव्हता. आमच्या वाडीत कागदावरची सही लोक विसरतात, कोर्टात जाऊन नाकबूलही करतात. वेशीवर दिलेला शब्द मात्र माणूस मेल्यावर त्याच्या पोरांकडून वसूल होतो. तीन वर्षांपूर्वी कोणाच्या म्हशीचा पाय मोडला तर तेवढ्यावरून आजोबांच्या काळातला राखणदाराचा एक चुकलेला नारळ शोधून काढला होता.

नोंदीचं सांगायला हवं, कारण माझं सगळं त्या नोंदीत अडकलं होतं. पुण्याची एक संस्था शाळेतल्या मुलांसाठी इंग्रजी-मराठी कोश करते आहे. तीन वर्षांचं काम, राहायला संस्थेच्या आवारात एकटीपुरती एक खोली, शाळेतून बिनपगारी रजा मिळते. दीक्षानंच ती जाहिरात मला दाखवली होती. तोंडी मुलाखत झाली, त्यात मी निवडले गेले, आणि आता शेवटची परीक्षा म्हणून एक शब्द दिला होता. त्याचा अर्थ, मूळ आणि उपयोग लिहायचा. अट एकच, उपयोगाची तिन्ही वाक्यं पुस्तकातून उचलायची नाहीत, आपल्या आजूबाजूची हवीत. चिठ्ठ्या टाकून शब्द वाटले म्हणे. कोणाला ‘ब्रेक’ आला, कोणाला ‘कॅरी’. माझ्या वाट्याला ‘सेटल’ आला. आलेली मेल वाचून मी मोठ्यानं हसले होते, आणि आतल्या खोलीतून आईनं विचारलं होतं, काय गो, येकटीच हसतंस ती? मी तिला तेव्हाच सांगितलं, पुण्याचं. तिनं ऐकून घेतलं आणि भात उतरवायला गेली. तिच्याशिवाय आणि दीक्षाशिवाय मी हे कोणाशीही बोलले नव्हते. व्हिडिओ बघताना ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती, पण रागाच्या भरात माणसाला साधे हिशोब सुटत नाहीत.

शाळेतून निघाले आणि रिक्षा न करता चालत सुटले. मार्चचं ऊन, अंगाला चिकटणारी हवा, जांभ्या दगडाच्या बुटक्या गडग्यांवरून येणारी वाफ. मारुती मंदिराच्या चौकात एक टेंपो आडवा लागला होता आणि त्याच्यामागं सगळं गाव हॉर्न वाजवत होतं. दहा दिवस मी त्या शब्दाबरोबर राहत होते. भाजी निवडताना, पोरांच्या निबंधातल्या चुका लाल करताना तो डोक्यात असायचा. जुन्या इंग्रजीत ‘सेट्ल’ म्हणजे बसायची जागा, बाक. त्यावरून क्रियापद झालं, बसवणे, जागेवर ठेवणे. म्हणजे मुळात बसणारा वेगळा आणि बसवणारा वेगळा. आपल्या पायांनी जाऊन परक्या मुलखात वस्ती करणं हा अर्थ पुष्कळ नंतरचा, जहाजं निघाली तेव्हाचा. भांडण मिटवण्याचा अर्थ दुसऱ्याच एका जुन्या शब्दाकडून त्यात येऊन मिसळला असावा, असं काही कोशकार म्हणतात. हे सगळं मी टिपून ठेवलं होतं आणि मला त्यात मजा वाटत होती, खोटं कशाला बोलू. आपल्याकडं तरी वेगळं काय आहे? घडी बसते, जम बसतो, धूळ बसते, बस्तान बसतं. पहिलं वाक्य मला लगेच सापडलं होतं, आमच्या विहिरीचं. उन्हाळ्यात तळाशी गेलेलं पाणी कळशीनं ढवळलं जायचं आणि आई म्हणायची, थांब, गाळ खाली बसू दे. मी काठावर बसून पाण्यात बघत राहायची आणि हळूहळू माझं तोंड दिसायला लागायचं. दुसरं वाक्य बांधाच्या भांडणाचं, ते पंचांनी एका दुपारी मिटवलं. तिसरं हवं होतं माणसाचं. माणूस एखाद्या ठिकाणी सेटल होतो, त्याचं. तिथं दहा दिवस माझं घोडं अडलं होतं. वाक्यं सुचत होती, पण प्रत्येक वाक्यात कोणीतरी खोटं बोलतंय असं वाटायचं.

कारण आमच्याकडं हा शब्द कोणी स्वतःविषयी वापरत नाही. ऐकून बघा. मी सेटल झालो, असं म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. विनोद सेटल झाला, हे आई म्हणते. शेजारणीचा जावई सेटल आहे, हे शेजारीण म्हणते. नम्रताचं, म्हणजे माझं, अजून काही सेटल नाही, हे सगळे म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली घेतात, आजारपणाविषयी बोलल्यासारखा. मी चोविसाची होते तेव्हा कळव्याला सेटल असलेला एक मुलगा मला बघायला आला होता. आमच्या गावच्या घरी, ओटीवर. मला खुर्चीवर बसवलं होतं आणि खुर्चीचा एक पाय आखूड असल्यामुळं मी पाऊण तास एका बाजूला तोल सांभाळत होते. पुढं काय करायचं मनात आहे, असं त्यानं विचारलं. चांगला होता बिचारा. मी म्हटलं, शब्दांचं काहीतरी. शब्दांचं म्हणजे? म्हणजे कोश वगैरे. त्याची आई हसली, माझी आईपण हसली, त्याला बरं वाटावं म्हणून. त्यांचा नकार आला तेव्हा मला हलकं वाटलं होतं, पण आईचा चेहरा बघून मी दोन दिवस जेवले नाही. नंतर आणखी चारजण आले. मग येईनासे झाले. मग बाबा गेले. आणि मग हळूहळू, कोणी न ठरवता, मी घरातली ती व्यक्ती झाले जिला सगळीकडं जाता येतं कारण तिला कुठंच जायचं नसतं. बाबांचं आजारपण मी काढलं, गावच्या घराची किल्ली माझ्याकडं, महिन्यातून दोन शनिवार एसटीनं जाऊन घर उघडायचं, झाडायचं, देवापुढं दिवा लावायचा, आणि आईला घेऊन परत रत्नागिरीच्या या दोन खोल्यांत यायचं. कोणी मला जबरदस्ती केली असती तर मी नक्की भांडले असते.

साळवी स्टॉपच्या अलीकडं सावली बघून थांबले आणि विनोदला फोन लावला. विनोद माझा भाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, डोंबिवलीला असतो. व्हिडिओतल्या त्या मागच्या आवाजांत त्याचा आवाज मी दुसऱ्यांदा बघताना ओळखला होता. तो जरा उशिरा म्हणतो, सगळ्यांचं संपता संपता, लहानपणी शाळेच्या प्रार्थनेतही तसंच करायचा. ‘तू व्हय म्हटलंस,’ मी म्हटलं. ‘कशाला?’ ‘माझं नाव घेतलं आप्पांनी तेव्हा.’ ‘अगं, सगळे म्हणत होते. मी काय मधेच थांबून चौकशी करू? गाऱ्हाण्यात कोण असं करतं?’ त्याच्या मागं प्रेशर कुकर शिटी देत होता. तो रातोरात घरी पोचलासुद्धा होता. ‘माझ्या वतीनं शब्द दिलाय विनू. तू तिथं होतास. तुझी बहीण आहे मी.’ त्यानं कुकरखालचा गॅस बंद केला. ‘नमू, खरं सांगू? मला बरं वाटलं. तू तिथं आहेस म्हणून आम्ही इथं बिनधोक झोपतो. आईला इथं ठेवून बघितलं ना आपण? चार महिन्यांत काय हालत झाली तिची. तू गेलीस तर काय करायचं, तूच सांग.’ तो चिडला असता तर सोपं गेलं असतं. तो इतक्या साधेपणानं बोलला की मला त्याचा राग धरून ठेवता येईना. ‘पुण्याचं आप्पांना तू सांगितलंस?’ मी विचारलं. ‘मी? मला कुठं माहीत होतं? मी तिथंच पहिल्यांदा ऐकलं. खरंच जाणारेस का तू?’ मी फोन बंद केला.

मग बाकीचा रस्ता संपूच नये असं वाटायला लागलं. कारण आता कळलं होतं. दीक्षा आमच्या आप्पांना ओळखत नाही. उरलं कोण? मी पाय ओढत चालले होते आणि डोळ्यांपुढं डोंबिवलीची ती गॅलरी येत होती. बाबांच्या पश्चात आईला विनोदकडं नेलं तेव्हा तिनं कशालाही नाही म्हटलं नाही. सकाळी आंघोळ करून ती ग्रिलच्या आत खुर्ची टाकून बसायची आणि संध्याकाळी उठायची. चार महिन्यांनी मी भेटायला गेले तर तिनं मला समोरच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येक घरातल्या दोरीवरचे कपडे सांगितले, कुठला पोरगा कामाला लागला, कुठली सून माहेरी गेली, सगळं कपड्यांवरून. बोलताना ती माझ्याकडं बघत नव्हती. मी त्याच दिवशी तिची पिशवी भरली. रेल्वेत बसल्यावर तिनं माझा पदर धरून ठेवला होता, ओढणीचं टोक, पार रत्नागिरी येईपर्यंत. तेव्हा मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं होतं. सोडवून आणलं मी तिला, असं मी सगळ्यांना सांगत होते. ती ओढणी तिनं तेव्हापासून सोडलेलीच नाही, हे माझ्या आत्ता, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, भर उन्हात एका पानटपरीसमोर लक्षात आलं, आणि आपल्याच आईविषयी असा विचार केल्याबद्दल मला स्वतःची किळस आली.

दार उघडंच होतं. आई फरशीवर पाय पसरून ओले काजू सोलत होती. काल राखणीहून येणाऱ्या कोणीतरी वाडीतून पिशवीभर पाठवले होते. हाताला खोबरेल चोपडलेलं, तरी काजूचा चीक लागून बोटांची सालं निघाली होती. दरवर्षी निघतात. गर एका वाटीत, टरफलं वर्तमानपत्रावर. ‘येवडा उशीर?’ ती म्हणाली. ‘जेव आदी.’ मी पर्स खांद्यावरून न काढता उभी राहिले. ‘आये, आप्पांना पुण्याचं तू सांगितलंस?’ तिनं हातातला काजू सोलून पुरा केला. ‘मीच सांगातलं. परवा फोन केलेला.’ ‘गाऱ्हाण्यात घालायला?’ ‘व्हय.’ ‘मला न विचारता?’ तिनं वर बघितलं, आणि तिला खरंच नवल वाटलेलं दिसलं. ‘तुला इचारलं तर तू नाय म्हनशील ना,’ ती म्हणाली. इथं मी अजून पर्स खांद्याला लावून उभीच होते. शाळेत मी पन्नास पोरांना उभं करते. शिक्षणखात्यातल्या बीओसाहेबांशी वाद घातलाय मी. ‘माझ्या जिवाचं दान तू परस्पर देऊन टाकलंस,’ मी म्हटलं, आणि म्हणताच ते नाटकी वाटलं. ‘कोणी कोणाला असं बसवून ठेवतं का?’

‘मना कोनी इचारल्यान?’ आई म्हणाली. ती रागानं बोलत नव्हती. ‘सोळाव्या वर्षी आनून बसवल्यान त्या घरात. तुजा बापूस चवथ्या दिवशी मुंबईस गेला. सासू येका कानान भयरी. पावसात पाच पाच दिवस मानूस दिसायचा नाय. मागच्या पडवीत कायतरी वाजायचं, मी चुलीतलं लाकूड हातात घेऊन बसून ऱ्हायाची. येवडी येवडी होती मी. कोनाला सांगनार?’ एक काजू तिच्या बोटांतून निसटला आणि कपाटाखाली गेला. ती तिकडं बघत राहिली. ‘मना भ्या वाटतं नमू. येकटी ऱ्हायाचं म्हटलं की भ्या वाटतं. अजून वाटतं. ता तुज्या तोंडावर कसं बोलू? म्हनून राखनदाराला सांगातलं.’

बावीस वर्षं मुंबईत नोकरी केलेल्या नवऱ्यानं वर्षातून दोनदा घरी यावं आणि बाईनं त्याला चुलीतल्या लाकडाचं सांगू नये, हे मला कळत होतं. न कळण्यासारखं त्यात काय आहे? आमच्या वाडीत प्रत्येक घरात एक अशी बाई होती. पण माझी आई भित्री आहे हे मला माहीत नव्हतं. तिनं साप मारलेले मी पाहिलेत. मी खाली बसले, तिच्या समोर, आणि वाटीतले गर उगीच बोटांनी सारखे करत राहिले. आप्पांशी मी भांडू शकले असते. विनोदला, त्या दगडाला, मागून ओरडणाऱ्या पंधरावीस पुरुषांना मी उत्तरं तयार केली होती, अख्ख्या रस्त्यावर. भ्या वाटतं याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आणि तिच्यासाठी तुटलेलं माझं आतडं खरं होतं, आणि त्याच वेळी मला त्या खोलीतून पळायचं होतं हेही खरं होतं. खिडकीतून पलीकडच्या इमारतीची भिंत दिसते, हातभर अंतरावर. ती भिंत मी बारा वर्षं बघते आहे. तिच्यावरच्या शेवाळाचा आकार पावसाळ्यात वाढतो, उन्हाळ्यात आकसतो. हेच आणखी वीस वर्षं, मग आई जाईल, मग मी अठ्ठावन्नाची असेन, आणि मला आईच्या जाण्याची वाट बघितल्यासारखं होईल. हा विचार आला आणि मी घाबरून उठले.

‘मी जाणार आहे,’ मी म्हटलं. हे शब्द मी याआधी मोठ्यानं कधी उच्चारलेच नव्हते. जायचं आहे, जावं म्हणते, गेले तर, एवढंच म्हणत आले होते. आईनं हात थांबवले. ‘कदी?’ ‘जूनमध्ये. सहा महिन्यांनी बाहेर खोली बघते, मग तुला नेते. तोवर विनूकडं.’ तिनं मान हलवली, जोरात, लहान मुलासारखी. डोंबिवली नको. मग तिनं पिशवीतले उरलेले काजू एकेक करून सोलायला घेतले. ते संपले तेव्हा पाच वाजून गेले होते. ‘आनि शबूद दिलाय त्याचं?’ तिनं विचारलं. ‘तो मी दिलेला नाही.’ ‘नाय,’ ती म्हणाली, ‘तू नाय. मी दिलाय.’ पदरानं हात पुसत ती उठली, गुडघ्यावर जोर देऊन, एका हातानं कपाटाला धरून. ‘मग मी ऱ्हातंय.’ ‘कुठं?’ ‘घरी. आपल्या. तू नाय तर मी. त्याच्या पायाशी घरातलं कोनतरी ऱ्हायाला पायजे ना? बोललेलं खोटं कसं पडू देनार?’

मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. टोमणा असता तर मला ओळखता आला असता, टोमण्यांत मी वाढले आहे. ती टोमणा मारत नव्हती. ती मनाशी यादी करत होती, काय काय न्यायला लागेल त्याची. ‘आये, तू आत्ताच म्हणालीस ना भ्या वाटतं?’ ‘म्हटलं,’ ती म्हणाली. ‘वाटतं तर वाटतं. तू तुजं बग. किती वाजेपर्यंत द्यायाचं हाय तुला?’ ‘सहा.’ ‘मग बस. मी च्या ठेवतंय.’ आता मी काय म्हणायचं होतं? नको जाऊ म्हटलं तर मीच राहायची. जा म्हटलं तर तिला त्या पडवीत पाठवायची. तिनं दार उघडून दिलं होतं आणि दारात स्वतः आडवी पडली होती, आणि यात तिचा काही डाव नव्हता. डाव असता तर मी तो मोडला असता. ‘मी सांगेन आप्पांना समजावून,’ मी म्हटलं, ‘शब्द परत घेता येत असेल.’ ‘असं कदी झालंय?’ ती आतून म्हणाली.

मी लॅपटॉप उघडला. नोंद तशीच होती, अर्थ, मूळ, दोन वाक्यं आणि तिसऱ्याच्या जागी नुसता तीनचा आकडा. पाच वाजून एकेचाळीस मिनिटं. आत गॅस पेटला, बंद झाला, मग कपबशीचा आवाज. मी तो आकडा पाहत होते आणि मला माहीत होतं की सुचलं आहे. आई पुढं आली, कप माझ्याशेजारी ठेवला आणि आपला फोन घेऊन खिडकीपाशी गेली. तिला वाचता येत नाही म्हणून मी फोनमध्ये प्रत्येकाच्या नावाला फोटो लावून दिलेत. तिनं आप्पांच्या फोटोवर बोट दाबलं. तेवढ्यात मी ते वाक्य लिहिलं. लग्नानंतर एकोणपन्नास वर्षांनी माझी आई आपल्या स्वतःच्या घरी सेटल व्हायला परत गेली. इंग्रजीत ते आणखी छान दिसत होतं, साधं आणि समाधानी, कोणाही आठवीतल्या पोराला कळेल असं. आजूबाजूचं हवं होतं, आजूबाजूचंच होतं. मी ते पुन्हा वाचलं, एक स्वल्पविराम काढला आणि पाठवून दिलं. मला आनंद झाला. एवढा आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता, आणि मग मला आईचं बोलणं ऐकू यायला लागलं.

‘...नाय भावजी, ती जाईल पुन्यास, चांगलं काम हाय तिचं. मी येतंय. व्हय, कायमचीच. घर तेवडं झाडून ठेवा कोनाकडून. आनि मागच्या पडवीत दिवा हाय ना? येक मोटा लावून ठेवा, पांढरा.’ पलीकडून आप्पा काहीतरी म्हणाले. आई हसली. ‘नाय वो, भ्या कसलं? माजंच घर हाय ता.’ तिचा आवाज अगदी खणखणीत होता. मोकळ्या हातानं मात्र तिनं खिडकीचा गज गच्च धरला होता. मी पडद्याकडं पाहिलं. पाठवलेलं परत घेता येतं का ते मी शोधत होते, आणि सापडू नये असंही मला वाटत होतं.